आत्याचं माहेरचं नाव

आर्वीच्या बाजारात आमची आत्या वांगी तोलण्याआधी बाईचं नाव विचारायची. नाव कळलं की त्याची चौकशी सुरू. “वच्छला? म्हंजे गाईले वासरू जसं, तशी माया असनारी. तुह्या आईनं दूधदुभतं पाह्यलं असन.” गिऱ्हाईक हसायचं. आत्या वरून सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी टाकायची आणि पुढच्या बाईकडे वळायची, “अन् तू कोन वं?” दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण पोथ्या ऐकून ऐकून तिला शेकडो नावांची कुळं पाठ झाली होती.

तिचं स्वतःचं नाव मात्र कुणी घेत नसे. ती जन्मली ती रुक्मिणी, घरात रुखमा. लग्नात ताटभर तांदळात अंगठीने ‘सुमन’ लिहिलं गेलं. नवरा लवकर गेला, ती आमच्या घरी परत आली, पण रेशनकार्डावर सुमनच राहिली आणि गावात सगळ्यांची आत्या झाली. “सुमन बी चांगलंच हाये,” ती म्हणायची. “पन दुसऱ्याच्या चपलीवानी वाटते. चालता येते, पन पायाले समजते ना!”

नदीपलीकडचं कौंडण्यपूर हे कृष्णाच्या रुक्मिणीचं माहेर. त्यामुळे आत्या तिच्याबद्दल बोलायची ती शेजारच्या गल्लीतल्या मुलीबद्दल बोलावं तसं. “कृष्ण देव असन लोकायचा, आपला तं जवाई हाये. मान द्या लागते, पन डोक्यावर नाई बसवत.” मी वर्ध्याला शिक्षिका झाले तेव्हा तिला सांगितलं, की रुक्म म्हणजे सोनं. ती म्हणाली, “सोनं? अन् मी जनमभर वांगे इकून राह्यली! पह्यलेच काऊन नाई सांगितलं वं?”

तिच्यामुळे मलाही नाद लागला. शाळेच्या कपाटात मुलांची नावं नोंदवलेली जुनी दाखलखारीज रजिस्टरं होती. दुपारच्या सुट्टीत मी ती चाळायचे. सुरुवातीच्या पानांवर रुखमा, रुक्माबाई, रुक्मिणी अशा दाटीवाटीने बसलेल्या. पुढे त्यांच्या जागी पुष्पा आणि बेबी आल्या, मग वैशाली, मग पूजा. एका रजिस्टरात एकटीच रुक्मिणी सापडली, आणि तिच्यानंतर आजतागायत एकही नाही. आत्याला हे सांगितलं तर तिने लगेच विचारलं, “ते शेवटची कोन होती? कोन्या गावची?” जाम नावाच्या गावाजवळच्या एका खेड्यातली होती. “जिती असन काय? जाऊ न एक दिवस पाहाले.” जाऊ, जाऊ, असं मी म्हणत राहिले. आम्ही गेलो नाही.

आता जे लिहायचं ते मी आठ वर्षं कुणाला सांगितलं नाही.

माझ्या भावाला मुलगी झाली. बारसं वर्ध्याला, हॉलमध्ये. बाळाची आत्या म्हणून कानात नाव सांगायचा मान माझा. आमची आत्या खुब्याचं हाड मोडून गावी खाटेवर पडलेली. आदल्या दिवशी मी भेटायला गेले तर तिने माझा हात धरला. “बाहेरचं नाव तुमी काई बी ठेवा. पन पाळन्यातलं रुखमा ठेवजो. फक्त कानात सांगजो, कोनाले आयकू नाई येत. घरात नाव राहीन.” तिने उभ्या आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. मी हो म्हटलं.

हॉलमध्ये फुग्यांची कमान होती, तिच्यावर चमकत्या अक्षरांत ‘मायरा’. मी पाळण्यात वाकले, बायका पाठीवर धपाधप मारू लागल्या. तेवढ्यात वहिनीच्या बहिणीने व्हिडिओसाठी मोबाईल थेट माझ्या तोंडाशी आणला. “आत्याबाई, स्पष्ट बोला हं!” ओठावर आलेलं नाव मी गिळलं. रुखमा म्हटलं असतं तर व्हिडिओ सगळ्यांनी ऐकला असता, बायका हसल्या असत्या. मी दोनदा ‘मायरा’ म्हटलं आणि घुगऱ्या वाटायला निघून गेले.

गावी जाऊन आत्याला सांगितलं, “सांगितलं गं कानात.” तिने डोळे मिटून घेतले. त्यानंतर मायरा गावी गेली की आत्या हाक मारायची, “ये वं रुखमे.” पोर हसत तिच्याकडे जायची. मी स्वयंपाकघरात काही तरी काम काढायचे.

या हिवाळ्यात आत्या फारच खंगली. मी बसले होते, शेजारची बाई आली, तर आत्या तिला कौतुकाने सांगू लागली, “माह्या नावाची पोरगी हाये वर्ध्याले. पाळन्यातलंच नाव हाये.” बाई गेल्यावर मी बोलून टाकलं. सगळं. मोबाईलसकट.

आत्या म्हणाली, “काऊन वं?”

“लाज वाटली.”

तिने भिंतीकडे तोंड केलं. मी पाणी दिलं, घेतलं नाही. निघताना मी पायात चप्पल घालत होते, तेव्हा तशीच पाठमोरी बोलली, “आता तिले इचारून सांगजो. आता तिचे कान मोठे झाले.” ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. पंधरा दिवसांत ती गेली.

तेरवी आटोपून मायराला घेऊन मी वर्ध्याची एसटी पकडायला आर्वीच्या स्टँडवर आले. बाकावर बसून तिला सगळं सांगितलं, माझ्या खोटेपणासह. आठ वर्षांची पोर ऐकत होती. शेवटी म्हणाली, “आत्याआजी तुझ्यावर चिडली होती?”

“हो.”

“मग नंतर राग गेला?”

“माहीत नाही, बेटा.” खरं तेच होतं. “ते नाव आता रीतीप्रमाणे तुझ्या कानात सांगू का? तुला हवं असेल तरच.”

“हो,” ती म्हणाली. मी तिच्या कानाशी वाकले तर तिने मान काढून घेतली. “कानात नको. मोठ्यानं सांग.”

स्टँडवर ही गर्दी. कंडक्टर, कॉलेजची पोरं, कापसाच्या भावावर वाद घालणारे दोघे. मग मी उभी राहिले आणि म्हटलं, “रुक्मिणी! रुखमा!”

पोरं वळून हसली. पलीकडच्या बाकावरची, पिशवीवर डोकं टेकून पेंगणारी एक म्हातारी दचकून उठली, पदर सावरत आमच्याकडे बघू लागली.

“मले हाक मारली काय वं, बाई?”

मायरा म्हातारीच्या बाकावर जाऊन बसलीसुद्धा. आमची एसटी लागली होती. मी ती जाऊ दिली.