आप्पांची चप्पल आणि मामांचा मेंदू

राहू गावच्या आमच्या मामांना फिट यायची आणि ती आप्पांच्या चपलेनं जायची. फिट आली की चप्पल हुंगवायची ही रीत सगळीकडंच होती. पण मामांच्या आळीत तो मान फक्त आप्पांच्या चपलेला. आप्पा माजी सरपंच. निरोप गेला की धोतर सावरत यायचे, डावी चप्पल मामांच्या नाकाशी धरायचे आणि जमलेल्या लोकांकडं बघायचे. थोड्या वेळानं मामा शांत. मग आप्पांना चहा.

इतका खात्रीचा उपाय शेजारी असल्यावर मामांनी गोळ्या बंद केल्या. पण मोटार चालू करायला ते विहिरीवर एकटेच जायचे, आणि ते परत येईपर्यंत मामी दारातच उभी राहायची. शेवटी ती त्यांना आपल्या माहेरी शिरूरला, तिथल्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. मीही होतो.

डॉक्टर म्हणाले, "फिट म्हणजे मेंदूतल्या पेशी एकदम खवळतात. त्याच वेळी मेंदू स्वतःच काही रसायनं सोडतो. ती पेशींना आवरत असावीत, असं संशोधक म्हणतात. बहुतेक फिट आपोआपच थांबते. माणसाला कुशीवर वळवायचं, नाकातोंडाशी काही न्यायचं नाही. लांबली तर मात्र दवाखाना. आणि गोळी, ती येऊच नये म्हणून."

"आन् चप्पल?" मामांनी विचारलं.

"पायात घाला."

मामांना पटलं नाही. स्वतःच्या मेंदूबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं, आप्पांबद्दल होतं.

पुढं गावच्या सप्त्यात, काल्याच्या दिवशी, मांडवातच मामांना फिट आली. आप्पा तेव्हा स्टेजवर फेटा बांधून, शाल पांघरून, अनवाणी सत्कार घेत होते. "माझी चप्पल आणा!" ते माइकवरनंच ओरडले. मांडवाबाहेर सगळ्या गावाच्या चपलांचा ढीग. माणसं एकेक उचलून विचारू लागली, "आप्पा, ही का?" इकडं मामीनं मामांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली उपरणं सारलं. ढीग निम्माही उपसला नव्हता, तोच मामा निवांत झाले.

"वास लांबनं बी लागतो," आप्पा म्हणाले आणि अनवाणीच घरी गेले.

संध्याकाळी झोपेतून उठून मामांनी विचारलं, "आज कुणाच्या चपलेनं गेली?"

"आप्पांची सापडलीच न्हाई. तुमच्याच डोक्यानं घालवली," मामी म्हणाली.

मामा डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "एकटंच राबतंय व्हय बिचारं? दे ती गोळी."