प्लंबरने शिवलेला अंगरखा

सौदीतल्या यान्बू शहराच्या रेनेसाँ फेअरला मी पेशवाई थाटाचा अंगरखा आणि पगडी घालून गेलो. पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपातले सरदार, राण्या, खाटीक आणि विदूषक व्हायचं असं सूचनापत्रकात स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते अर्धंच वाचलं आणि दोन-अडीचशे वर्षं उशिरा, तेही भलत्याच खंडातून, जत्रेच्या दाराशी हजर झालो. हा किस्सा मी पुढे कित्येक वर्षं लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या सहलीत, अगदी दातांच्या डॉक्टरकडेही तोंड उघडायच्या आधी सांगितला आहे. लोक हसतात. मीच सर्वांत आधी हसतो.

महिन्याभरापूर्वी सकाळी चहा घेताना इस्माईलभाईंच्या मुलीचा फोन आला. “चाचा, अब्बा गेले. मशीनवर बसले होते, मान खाली गेली... आम्हाला वाटलं सुईत दोरा घालतायत.” तो अंगरखा शिवणारे इस्माईलभाई ते हेच. तेव्हापासून मला तो किस्सा सांगवत नाही, कारण आजवर मी तो अर्धाच सांगत आलो. पगडी, हशा, टाळ्या, संपलं. उरलेला अर्धा आज लिहितो आहे. रागातच लिहितो आहे, वाचकांनी समजून घ्यावं. मृत्युलेखात राग शोभत नाही म्हणतात. न शोभणारं घालून मिरवायची मला सवय आहे.

इस्माईलभाई दापोलीच्या बाजूचे. यान्बूच्या जुन्या बाजारात एका सौदी मालकाच्या दुकानात वीस वर्षं शिवणकाम करत होते. तिथे परदेशी माणसाला मालकाच्या नावावरच राहावं लागतं, त्याला कफील म्हणतात, आणि खिशात इकामा नावाचं कार्ड बाळगावं लागतं. कार्डावर धंदा लिहिलेला असतो. इस्माईलभाईंच्या कार्डावर ‘प्लंबर’ लिहिलं होतं. त्यांना आणताना कफीलकडे प्लंबरचे व्हिसे शिल्लक होते, शिंप्याचे नव्हते, म्हणून प्लंबर. व्हिसा असेल तसा माणूस! पहिल्या ओळखीतच त्यांनी मला ते कार्ड दाखवलं होतं. म्हणाले, “साहेब, घरी नळ गळायला लागला तर माझी बायको मला हाक मारत नाय, शेजाऱ्याला मारते.”

मला हसायचा अधिकार नव्हता. मी रिफायनरीत प्लॅनिंग इंजिनिअर, पण माझ्या कार्डावर ‘कृषी अभियंता’ लिहिलेलं होतं. माझ्या गॅलरीत साधी पुदिन्याची कुंडी जगत नव्हती. आम्ही दोघं एकमेकांना ‘काय प्लंबर’, ‘काय शेतकरी’ अशा हाका मारायचो आणि हसायचो. वर्षानुवर्षं कुणी कार्ड वाचत नव्हतं, तोवर ते विनोदीच होतं.

मग सौदीकरणाची वर्षं आली. आपल्या मुलांना आपल्या देशात नोकऱ्या मिळाव्यात असं एखाद्या सरकारला वाटलं तर त्यात चूक काय? माझा राग त्यावर नाही. कार्डावर एक धंदा आणि हातात दुसरा असेल तर तो गुन्हा ठरणार होता, पण त्याआधी दुरुस्तीसाठी काही महिन्यांची मोहलतही दिली होती. इस्माईलभाई पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे आले. अर्ज मी भरला, अरबी जाणणाऱ्याकडून टाइप करून घेतला, झेरॉक्स माझ्याकडे ठेवली. फक्त कफीलची सही हवी होती. कफील म्हणाला, “बुकरा.” म्हणजे उद्या. पुढच्या आठवड्यातही बुकरा. रमजान आला, ईद गेली, मोहलत संपली, तरी बुकरा. सही करायची तर कार्यालयात जावं लागणार, तिथे विचारणार की वीस वर्षं प्लंबरच्या व्हिशावर शिंपी कसा राबवलास? त्याला ते नको होतं. एका सहीचा आळस नव्हता तो. स्वतःची कातडी वाचवण्यासाठी त्याने दुसऱ्याचं आयुष्य टेबलाच्या खणात ठेवून दिलं होतं. मुलगी नर्सिंगला होती. तिचं शिक्षण होईपर्यंत आणखी दोन वर्षं टिकायचं, एवढंच इस्माईलभाईंचं मागणं होतं. “आणि जाताना कार्डावर खय्यात लिहिलेलं असावं,” ते म्हणायचे. खय्यात म्हणजे शिंपी. “वीस वर्षं केलं ते काम कुठं तरी लिहिलेलं असावं ना, साहेब?”

त्याच हिवाळ्यात गोऱ्या इंजिनिअरांच्या वसाहतीत ती जत्रा भरली. भिंतीच्या आत त्यांचं वेगळंच जग असायचं. वसाहतीच्या अध्यक्षीण मॅडमना राणी व्हायचं होतं. इस्माईलभाईंनी त्यांचा मखमली झगा शिवला, अकरा मीटर कापडाचा, आणि तीसेक लोकांचे पोशाखही. मीही माप द्यायला गेलो.

“अंगरखा झकास होईल,” ते म्हणाले, “पण तिथं चालायचा नाय. मॅडमनी चित्रं दिलीत मला. त्या टायमाला त्यांचे पुरुष घट्ट चड्ड्या घालायचे.”

“मग मी घट्ट चड्डी घालू?”

त्यांनी माझ्या पोटाभोवती टेप फिरवली, आकडा वाचला आणि म्हणाले, “नको. जत्रा बंद पडेल.”

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. आरशासमोर मला बघून तिने डोक्याला हात लावला. “बाबा, धिस इज नॉट इव्हन द राइट सेंच्युरी!” मी म्हटलं, बाळ, जुनं ते सगळं जुनंच. इस्माईलभाईंनाही मी पाहुणे म्हणून सोबत घेतलं. दारावर पुठ्ठ्याचं चिलखत घातलेला एक वित्तविभागाचा माणूस उभा होता. त्याने माझ्या पगडीकडे पाहून वाकून सलाम केला आणि मला आत सोडलं. इस्माईलभाई रोजच्या पांढऱ्या शर्टात, गळ्यात टेप. त्यांना अडवलं. पोशाख सक्तीचा आहे म्हणे. इस्माईलभाई शांतपणे हिंदीत म्हणाले, “मैं दर्ज़ी हूँ. राजा के ज़माने में दर्ज़ी नहीं था क्या? फिर आपका कपड़ा किसने सिया?” चिलखतवाल्याला हिंदी येत नव्हती. मी भाषांतर केलं, तेव्हा तो हसला आणि बाजूला झाला. एवढ्या सगळ्या सोंगांत आपल्या खऱ्या कपड्यात आलेला तो एकच माणूस होता, आणि काळ चुकला म्हणून अडवलं त्यालाच.

आता माझा दुसरा मूर्खपणा. आपल्याकडे कार्यक्रम कसलाही असो, आभारप्रदर्शन झाल्याशिवाय माणसं उठत नाहीत, आणि यान्बूच्या मराठी मंडळाचा कायमचा आभारवाला मी. बक्षीस समारंभात ‘सर्वांत चुकीचा पोशाख’ म्हणून मला एक लाकडी चमचा मिळाला. दोन शब्द बोला म्हणाले. मी दोन शब्दांवर कधी थांबलो आहे? मंडपवाल्यापासून सुरुवात केली आणि शेवटी इस्माईलभाईंना हाताला धरून पुढे आणलं. संपूर्ण नाव घेतलं. दुकान कुठल्या गल्लीत, कुठल्या बेकरीसमोर, तेही सांगितलं. ‘गेली वीस वर्षं या शहराला कपडे घालणारे श्रेष्ठ शिंपी’ असं म्हणालो. टाळ्या कडाडल्या. कुणीतरी फोटो काढला आणि माझ्या शब्दांसकट वसाहतीच्या फेसबुक पानावर टाकला. मोहलत संपून तीन महिने झाले होते. इस्माईलभाई परत येताना गाडीत एवढंच म्हणाले, “साहेब, पत्ता नसता सांगितला तरी चाललं असतं.”

पंधरा दिवसांनी दुकानात दोन तपासनीस आले. पुढचं मला इस्माईलभाईंनी नंतर फोनवर सांगितलं. तपासनीस तरुण होते, सभ्य होते, हातात त्या फेसबुक पानाचा छापील कागद होता. कफील धावत आला. त्याने मागच्या खोलीतून एक गंजका पाना आणला, इस्माईलभाईंच्या हातात कोंबला आणि म्हणाला, हा तर प्लंबर आहे, नळ दुरुस्त करायला आलाय. गळ्यात टेप, पायाशी कातरलेलं कापड, मशीनवर अर्धी बाही, आणि हातात पाना! एवढा वेळ मी जत्रेची चेष्टा केली, पण खरं सोंग तिथे चाललं होतं. इस्माईलभाईंनी मान डोलावली असती तर कदाचित निभावलं असतं. त्यांनी पाना खाली ठेवला. म्हणाले, “अना खय्यात.” मी शिंपी आहे.

“का बोललात असं?” मी फोनवर ओरडलो होतो.

“साहेब, पोरगा सरकारचा होता. त्यानं सरळ विचारलं, तू काय करतोस? वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं...”

त्यांना तरहीलमध्ये नेलं. परत पाठवण्याआधी माणसांना कोंडतात, ती जागा. मी मॅडमकडे गेलो. त्यांनी चहा दिला, डोळे पुसले, पण मी मागितलेलं शिफारसपत्र दिलं नाही. “वी कान्ट गेट इन्व्हॉल्व्ड.” तो मखमली झगा त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात टांगलेला होता. मंडळाकडे गेलो. कार्यकारिणीने गंभीरपणे चर्चा केली आणि ठरवलं, आपण यात पडू नये. दोन भाषा, एकच वाक्य! अंगावरचे झगे, अंगरखे सगळे त्या माणसाच्या हातचे, आणि एकाचीही जीभ त्याच्यासाठी हलली नाही. एका दिवसाचं खोटं घालून मिरवणाऱ्यांना चमचे आणि टाळ्या. कार्डावरच्या एका शब्दाचं खोटं, तेही दुसऱ्याने लिहिलेलं, ज्याच्या नशिबी आलं त्याला मात्र गजाआड. मला आजही तो झगा आठवला की दात आवळले जातात.

पण मंडळावर आणि मॅडमवर रागावणं सोपं आहे. मी इथेच थांबलो असतो तर हा लेख बरा झाला असता.

तरहीलमधून त्यांनी मला फोन केला होता तो मुळात रडायला नाही, एका कामासाठी. “तुमच्याकडे अर्जाची झेरॉक्स आहे ना? लेबर ऑफिसात येऊन एवढंच सांगा, की अर्ज मोहलतीतच भरलेला, मालकानं सही दिली नाय. तुम्ही इंजिनिअर, तुमचं ऐकतील. उद्या येता?” मी म्हटलं, येतो.

मी गेलोही. सकाळी आठ वाजता लेबर ऑफिससमोर गाडी लावली. झेरॉक्स मांडीवर. दारात एक शिपाई आत जाणाऱ्या प्रत्येकाचा इकामा मागत होता आणि वाचत होता. वाचत होता! मी माझं कार्ड काढलं. कृषी अभियंता. आत जाऊन दुसऱ्याच्या चुकीच्या कार्डाची साक्ष द्यायची, आणि आतल्या अधिकाऱ्याने विचारलं की तुमचं कार्ड बघू, तर? मी एसी लावून पाऊण तास बसलो. मग गाडी वळवली. इस्माईलभाईंना कळवलं की रिफायनरीत अचानक शटडाऊन निघालं, उद्या नक्की येतो. दुसऱ्या दिवशीही शटडाऊनच होतं. त्यापुढच्या दिवशी त्यांना विमानात बसवलं. बोटांचे ठसे घेतलेले, म्हणजे परत यायची वाट बंद.

त्यानंतर काही महिन्यांत आमच्या कंपनीने माझं कार्ड दुरुस्त करून घेतलं. एक दुपार, एक सही. मी कँटीनमधून चहा पिऊन येईपर्यंत काम झालं होतं. त्या नव्या कार्डावर मी आणखी चार वर्षं नोकरी केली. ते कार्ड फाडून फेकावं असं एकदाही वाटलं नाही, हेही लिहून ठेवतो.

इस्माईलभाई गावात शाळेचे गणवेश शिवू लागले. मुलीचं नर्सिंग एक वर्ष थांबलं, मग त्यांनी कसंबसं पुरं केलं. आम्ही फोनवर बोलायचो. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मी तर नाहीच काढला. मी त्यांना अंगरख्याचा किस्सा ऐकवायचो आणि ते पोटभर हसायचे...

इस्माईलभाईंच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी व्हायच्या आधी मी त्यांच्या गावी गेलो. माळ्याखालची लहान खोली, खिडकीपाशी मशीन. त्यावर खाकी कापडाची चवड, कापलेली पण न शिवलेली, प्रत्येक तुकड्यावर खडूने मुलाचं नाव. इयत्ता नाही, माप नाही, नुसती नावं. मापं त्यांच्या डोक्यात होती. आता ती चवड कुणाच्याच उपयोगाची नव्हती. ती बघत मी उभा राहिलो आणि जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांच्या बायकोला, रुकय्याभाभींना सांगून टाकलं. शटडाऊन नव्हतं. मी गाडीत बसलो होतो. कार्डाला घाबरलो.

भाभी खाकी तुकडे गोळा करत होत्या. थांबल्या नाहीत.

“ते दोन दिवस तिथं कोठडीच्या दाराशी बसले होते,” त्या म्हणाल्या. “शिपाई कुणाचंही नाव पुकारायला आला की उठायचे. इथं आल्यावर मला म्हणाले, साहेब यायचे होते गं, पण त्यांना कामातून सुटता आलं नाय. अख्ख्या गावाला तसंच सांगितलं. मरेपर्यंत.”

त्यांनी चवडीला गाठ मारली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

“मी त्यांना त्याच दिवशी म्हटलं होतं, काम कसलं आलंय, घाबरला असेल तो.”