उपाशी उंदरांची साखर

सदर विद्यार्थिनी चयापचय विभागात पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला असून मधुमेहावर संशोधन करते. वर्तणूक समाधानकारक. विशेष प्रावीण्य : सूक्ष्म निरीक्षण. विभागात तिला फौजदार म्हणतात, याची सरकारदरबारी नोंद नाही.

फौजदारकीची उमेदवारी घरीच झाली. वडिलांना मधुमेह. ही आधी त्यांचे खिसे तपासायची, मग बोट टोचायची. साखरेचा आकडा कायम चढलेला. ‘तुला बघूनच चढते गं,’ वडील म्हणायचे. आरोपी असंच बोलतात, असं तिचं मत.

प्रयोगशाळेत उंदीर होते. सकाळपासून उपाशी ठेवलेल्या उंदराची साखर उतरायला हवी, तरच औषधाचा गुण कळणार. हिच्या उंदरांची उतरेना, कितीदाही टोचून बघितलं तरी. मार्गदर्शक मॅडमनी शेवटची मुदत दिली : आकडे जमले नाहीत तर विषय बदलायचा. म्हणजे आजवरची सगळी मेहनत पाण्यात.

उपाशी उंदराची साखर चढतेच कशी? कुणीतरी चारतंय. संशय शेजारच्या टेबलावर जाऊन बसला. तिथला सहकारी दिवसभर बिस्किटं खायचा आणि उंदरांशी लाडाने बोलायचा. तिच्या लेखी दोन्ही लक्षणं वाईट. तिने उंदीरघराची किल्ली ताब्यात घेतली. तेवढ्याने भागेना, म्हणून घडोघडी आत जाऊन पिंजरे उघडायची, एकेकाला शेपटीला धरून उचलायची, खालचा भुसा चाळायची. बिस्किटाचा कणही मिळाला नाही. चोर मुरलेला आहे, एवढंच त्यातून सिद्ध झालं. साखर आणखी चढली.

शेवटी तिने मॅडमकडे तक्रार नेली. मॅडमनी विचारलं, तू किती वेळा बघून येतेस? हिने अभिमानाने सांगितलं.

‘उद्या घरी राहा,’ मॅडम म्हणाल्या. ‘किल्ली त्याला दे.’

‘चोराच्या हाती?’

‘घाबरलेल्या उंदराचं यकृत रक्तात साखर सोडतं, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना तूच शिकवतेस ना?’

दुसऱ्या दिवशी बिस्किटवाल्याने पिंजऱ्यांना हात लावला नाही. शेवटी एकदाच, हळूच, रक्त घेतलं. साखर उतरलेली होती. हिने ते आकडे खोटे ठरतात का, हे पुन्हा पुन्हा तपासलं. ठरले नाहीत.

त्या संध्याकाळी तिने साखर मोजायचं यंत्र वडिलांच्या हातात दिलं, ‘तुमचं तुम्हीच बघा,’ म्हणाली आणि खोलीबाहेर गेली. दाराआड उभी राहिली, ते सोडा.

प्रबंध मंजूर झाला. त्यातले साखरेचे सगळे आकडे बिस्किटवाल्याने घेतलेले आहेत.