कर्दळीचं पाणी

कर्दळ दिसली की मला मळमळतं. कुणाच्या बंगल्यासमोर असो, बसस्टँडच्या बागेत असो, लाल-पिवळी फुलं बघितली की तोंडात कडवट पाणी येतं. फुलांचा त्यात काही दोष नाही. दोष आमचा आहे, आणि मी मन लावून शिकलेल्या विषयाच्या नावाखाली तो घडला, म्हणून किळस जास्त आहे.

विषयाचं नाव होतं शाश्वत रचना आणि हरित तंत्रज्ञान. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला तो असायचा. आमचं कॉलेज मंगरूळपीरच्या रस्त्याला, चारी बाजूंनी सोयाबीन-तुरीची वावरं आणि मध्ये ही गुलाबी इमारत. शिकवणारे सर पडद्यावर चित्रं लावायचे आणि त्यांच्याखालची अक्षरं वाचून दाखवायचे. त्यात बर्फाच्या देशातलं एक घर होतं, ऊन आत घेऊन रात्रीपर्यंत साठवून ठेवणारं. पेपरात त्यावर हमखास प्रश्न यायचा. मार्चच्या दुपारी, घामानं पाठ बाकाला चिकटलेली असताना, ऊन घरात कसं कोंडायचं हे आम्ही पाठ करत होतो. आपल्याकडे तर ऊन बाहेर ठेवायचं असतं ना, असं मी एकदा विचारलं. ते अभ्यासक्रमात नाही, असं उत्तर मिळालं.

तरी मला हा विषय आवडायचा, कारण मुलींच्या हॉस्टेलमागे एक नाली होती. मेसचं खरकटं पाणी, न्हाणीचं साबणाचं पाणी आणि संडासाच्या टाकीतून वर आलेलं सगळं त्या एकाच नालीतून वाहायचं. ती जायची थेट मेसच्या मावशीच्या खोलीसमोरून. मावशी कामरगावकडच्या एका वस्तीवरची. नवरा होता तोवर दरवर्षी त्याच्याबरोबर ऊसतोडीला जायची, तो गेल्यावर मेसमध्ये लागली आणि मागच्या खोलीतच राहू लागली. ती नाकाला पदर बांधून भाकरी थापायची. मी अनसिंगकडची, तिच्यासारखीच बोलणारी, म्हणून माझ्या ताटात ठेचा जरा जास्त पडायचा.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मी ही नाली घेतली. संडासाचं पाणी आधी वेगळं काढायचं. बाकीचं एका टाकीत निवळू द्यायचं, मग खडीच्या वाफ्यातून सोडायचं आणि वाफ्यात कर्दळ लावायची. तिच्या मुळांमध्ये घाण अडकते आणि कुजून जाते. निघेल ते पाणी झाडांसाठी, पिण्यासाठी नाही, हे मी अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहून खाली रेघ मारली होती. मावशीला मात्र एवढंच सांगितलं, की तुझ्या दारातली ही घाण जाणार.

प्रकल्पाची बातमी वरपर्यंत गेली आणि तिथंच तिचं वाटोळं झालं. हरित परिसराचं प्रमाणपत्र देणारी समिती आठ दिवसांत येणार होती. विभागप्रमुखांना दाखवायला काहीतरी हवंच होतं. संडासाचं पाणी वेगळं करणं नंतर बघू, असं ते म्हणाले. निवळायच्या टाकीला वेळ नव्हता, म्हणून ती गेली. खडी अर्धीच आली. कर्दळ तेवढी रोपवाटिकेतून फुलांसकट आणली, पिशव्या फाडून रांगेत लावली. आदल्या दिवशी वाफ्याचा नळ सोडला, तर राखाडी, घाण मारणारं पाणी आलं. विभागप्रमुखांनी नाकावर रुमाल धरला आणि नळवाल्याला बोलावलं. त्यानं भिंतीमागून पाइप टाकून तो नळ गच्चीवरच्या टाकीला जोडला. अर्ध्या तासाचं काम. आम्ही हॉस्टेलच्या सगळ्या मुली तिथंच उभ्या होतो. कुणी एक शब्द बोललं नाही, मीही नाही.

नळावर पाटी लागली, ‘शुद्ध केलेले पाणी’. त्याखाली ‘फक्त झाडांसाठी’ असं लिहायला मी पेंटरला सांगितलं होतं. पण संस्थेच्या अध्यक्षांचं नाव एवढं मोठं झालं, की जागा उरली नाही.

समिती आली. गुच्छ पर्यावरणाला घातक म्हणून प्रत्येकाला तुळशीचं रोप दिलं, चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर साटिनची रिबन. प्लास्टिकमुक्तीवर भाषण झालं. ऐकणाऱ्यांपुढे पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या, अर्ध्या पिऊन सोडलेल्या. मग सगळे वाफ्यापाशी आले. माझी जीभ चुरूचुरू चालते म्हणून माहिती सांगायला मलाच उभं केलं होतं. नळातून काचेसारखं पाणी पडत होतं. हे प्यायलासुद्धा चालेल का, असं समितीतल्या एका बाईंनी कौतुकानं विचारलं. विभागप्रमुख हसले आणि स्टीलचा पेला भरून माझ्या हातात दिला.

मी तो घटाघटा प्यायले. टाळ्या पडल्या. मेसच्या दारात मावशी पिठाचे हात घेऊन उभी होती, तीही हसत होती. त्या क्षणी मला लाज वाटली असं लिहायचा मोह होतो, पण ते खोटं आहे. मला अभिमान वाटला. स्वतःची शिसारी येते ती यासाठी.

प्रमाणपत्र मिळालं, प्राचार्यांच्या खोलीत चौकटीत लागलं. प्रकल्पाला मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. अहवालात पाणी तपासल्याचे जे आकडे होते ते मी मागच्या वर्षीच्या एका अहवालातून उतरवले होते, आणि सरांनी त्यावर न बघता सही केली होती. गच्चीवरची टाकी रिकामी व्हायला लागली म्हणून नळवाल्यानं पाइप काढून घेतला आणि नळ परत वाफ्याला जोडला. पाटी तशीच राहिली. आमच्यापुरतं काम संपलं होतं.

एप्रिलमध्ये बोअर आटली. दिवसाआड टँकर यायचा आणि मुलींची बादल्यांवरून भांडणं व्हायची. कर्दळ मात्र कमरेएवढी झाली होती. अर्ध्या खडीतून, गाळातून झिरपत आलेलं पाणी आता स्वच्छ दिसायला लागलं होतं. फक्त दिसायला. निवळ पाणी निर्मळ असतंच असं नाही, हे मी त्याच महिन्यात पेपरात उदाहरणासकट लिहिलं. त्याच आठवड्यात नळाखाली मावशीची कळशी दिसली. भांडी घासायला नेत असेल, असं मी स्वतःला समजावलं. विचारलं नाही.

परीक्षा अर्ध्यावर आली तोवर मावशीचे डोळे हळदीसारखे झाले होते. आधी ती गावाकडे जाऊन कावीळ उतरवून आली. त्यानं काही उतरलं नाही, मग मंगरूळपीरच्या सरकारी दवाखान्यात भरती केलं. ती बरी झाली, हे आधीच सांगते, नाहीतर हे लिहायची माझी हिंमत झाली नसती. तिनं बाहेर काहीतरी अरबटचरबट खाल्लं असेल, असं विभागप्रमुख म्हणाले आणि हात झटकले. भाकरी-बेसनापलीकडे काही न खाणारी बाई ती.

शेवटचा पेपर देऊन मी जीपनं दवाखान्यात गेले. खाटेवर मावशी अर्धी झाली होती. मला बघून उठायला लागली, मी तिला निजवलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर पाणी कुठलं प्यायचीस, असं मी विचारलंच.

“तुह्या कर्दळीचं,” ती म्हणाली. “टँकरचं पानी पोरीयले पुरत नाई. म्हून म्हनलं, आपुन हे पेऊ. तू पेली होती ना वं माह्या डोयासमोर.”

खरकटं, साबण, सगळ्या हॉस्टेलचे संडास. महिनाभर ती ते प्यायली होती, मुलींना टँकरचं पाणी पुरावं म्हणून, आणि मी तिच्यासमोर पेला तोंडाला लावला होता म्हणून. मी बाहेर जाऊन ओकले, तोंड धुतलं आणि परत आले. आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

“मावशी, त्या दिवशी म्या पेलं ते टाकीचं पानी होतं,” मी म्हणाले. “नळ आमी वरच्या टाकीले जोडला होता. वाफ्यातलं पानी पेयाचं नवतंच.”

सरांना माहीत होतं का, तिनं विचारलं. मी हो म्हणाले. पोरींना? त्यांनाही. नळवाल्याला? त्यानंच तर जोडलं होतं, मी म्हणाले. ती बोटांवर एकेकजण मोजत गेली. राग दिसला असता तर मला बरं वाटलं असतं. ती हिशेब जुळत नसल्यासारखी विचार करत होती.

“मंग तुमी फसवलं कोनाले?” शेवटी ती म्हणाली. “ते सायब तं त्याच दिवशी आपल्या गावाले गेले. तेथ राह्यली ते मीच.”