डाव्या बाजूची खिडकी

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही — आणि ज्यांना सांगायला पाहिजे होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडील उमरेडचे विणकर, हातमागावर लुगडी विणणारे, म्हातारपणी नागपूरला माझ्याजवळ आलेले. मी सोलर पंपांच्या कंपनीत इंजिनीअर — आज हैदराबाद, परवा पुणे, मग इंदूर. सगळी तासा-दीड तासाची उड्डाणं, सगळी स्वस्तातली तिकिटं. विमान कंपन्यांचं विचारायचं तर मला विचारा. कोणती वेळेवर सुटते पण गुडघे समोरच्याच्या पाठीत रुतवते, कोणती गरम उपमा देते पण त्याआधी ताटकळत ठेवते, कोणाचं पंख्याचं लहान विमान दिसायला खटारा पण बॅग सगळ्यांत आधी हातात देतं — सगळं पाठ. नागपूरच्या आमच्या वस्तीतून कोणी लेकीच्या बाळंतपणाला निघालं की तिकिटाआधी मला फोन येतो. मी कंपनी सांगतो, आणि शेवटी एक सल्ला जोडायचो: सीट मधल्या वाटेकडची घ्या, खिडकी नवशिक्यांसाठी असते.

वस्तीनं तो सल्ला इतका मानला की आमची माणसं विमानात ओळीनं वाटेकडेच बसतात. गंमत वाटते ना? मलाही वाटायची — वरवर.

खरं असं की मला खिडकीची भीती वाटायची. जमीन तिरकी झालेली मला पाहवायची नाही. डोळे मिटून, हातात खुर्चीचा दांडा धरून मी उडायचो, आणि उतरल्यावर कंपन्यांची तुलना करायचो. घरातला पहिला इंजिनीअर — तो विमानाला भितो, हे सांगणार कोणाला? आणि काहून?

इथवर असतं तर मी हे लिहिलंही नसतं.

बाबा पहिल्यांदा विमानात बसले ते माझ्यासोबत. बहीण हैदराबादला. निघायच्या आधी कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की हैदराबादच्या विमानात डाव्या खिडकीतून उमरेड दिसतं. त्यांच्या डोक्यात तेच बसलं. आता विणकराचं असं असतं — मागावर बसलेल्याला कापड वीतभरच दिसतं. विणलं की ते गुंडाळत जातं. पूर्ण लुगडं कसं झालं हे तो कापून उतरवल्यावरच पाहतो. बाबा म्हणाले होते, गावात सारा जन्म गेला, पण गाव मी वीतभरच पाहिलं.

हे मी ऐकलं होतं, बरं. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

काउंटरवरच्या मुलीनं बाबांचं नवं धोतर, कडक टोपी पाहिली आणि आपणहून विचारलं, काकांना खिडकी देऊ का? बाबा खिडकीत म्हणजे मी शेजारी. ते माझा हात धरून म्हणणार, खाली पाह्य ना! आणि मी पाहणार कसा? मी म्हणालो, "नको. त्यांना सारखं उठावं लागतं."

बाबा बाजूलाच उभे होते. त्यांना काही तसा त्रास नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि बॅगेचा पट्टा उगाच घट्ट केला.

दोघांना वाटेच्या अलीकडची-पलीकडची सीट मिळाली. चढताना मी नेहमीसारखं शिडीवरूनच आभाळ पाहून घेतलं. उड्डाण झाल्यावर त्यांनी दोन अनोळखी माणसांच्या आडून मान लांब करून पाहिलं. मी डोळे मिटूनच सांगितलं, वरून काही दिसत नसते बाबा, नुसते ढग. त्यांनी मान मागे घेतली. हैदराबादपर्यंत एकदाही उठले नाहीत.

परत आल्यावर वस्तीभर सांगत सुटले — विमानातून काही दिसत नाही गा, माह्याच पोट्ट्यानं सांगतलं. केवढ्या अभिमानानं! आणि मी तो अभिमान कितीतरी वर्षं मिरवला.

मग यंदा इंदूरहून येताना विमान गच्च भरलेलं, मला खिडकीच आली, कोणी बदलून देईना. चाकं सुटली. मी डोळे मिटले — आणि कोण जाणे काय झालं, उघडले. घाबरलो. पण मिटले नाहीत. खाली जमीन होती, नद्या होत्या, माणसांनी आखलेली शेतं होती. नागपूरला उतरलो तो छाती काढून. सांगतो, पदवी हातात आली तेव्हाही असा चाललो नव्हतो. विमानतळाबाहेर पडायच्या आतच हैदराबादची दोन तिकिटं काढली. डावी बाजू. खिडकी बाबांची.

काय दिवस होता तो! स्वच्छ ऊन. विमान वळलं, आणि बाबांनी काच बोटानं दाबली. आधी त्यांना कोळशाची खदान दिसली, काळी. मग तिच्यावरून गाव ओळखलं — हा रस्ता, हे तळं, इथं आपला माग. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होतो. उघड्या डोळ्यांनी. जिंकलो होतो मी.

"उतरलं गा लुगडं," बाबा म्हणाले. बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "तू तं म्हने, काही दिसत नाही."

मी म्हणालो, त्या दिवशी ढग होते बाबा.

त्यांनी मान डोलावली.

त्या दिवशी ढग नव्हते. एकही नव्हता.