हॅरिएटबाईंचं देवक

हे लिहिणारच नव्हतो. माझा दोस्त प्रणित म्हणणार, जेवून लवंडलास आणि माझ्या लग्नाचा निकाल लावलास. पण लिहितो.

लग्न अडलंय त्याचं. देवक कळल्याशिवाय मुलीचे मामा सुपारी फोडू देत नाहीत. दोन्हीकडचं देवक एकच निघालं तर सोयरीक होत नाही. आणि प्रणितचं घराणं सुरू होतं हॅरिएटपासून. इंग्लंडहून पाचगणीला आली, पोरगा झाला, पोराचा बाप कोण ते कुणालाच ठाऊक नाही. ती जाऊनही जमाना झाला. तिचे पूर्वज शोधायचं काम माझ्याकडे, कारण आमच्यात नेट माझं फास्ट.

भर दुपारी शोधता शोधता डोळा लागतो. लागतोय तोवर समोर पाचगणीचा एसटी स्टँड. बाकावर घोळदार झग्यात हॅरिएट. भेळ खातेय.

"बाई, तुमचे वडील कोण?"

"आला का तू पण!" बोलणं थेट आमच्या साताऱ्याच्या आत्यासारखं. "अरं, अनाथालयाच्या पायरीवर सापडल्याली मी. तिकडं जो तो इचारायचा, कुणाची गं तू? वैतागून हिंदुस्थानची बोट धरली. हितं उतरले, तर हमालानं पेटी उचलायच्या आधी तेच इचारलं."

बाक डुलतो. खाली समुद्र आहे. कंडक्टर डेकवर तिकिटं फाडतोय.

"पण मुलीच्या मामांना देवक हवंय हो. तुमच्या प्रणितचं लग्न मोडेल."

"म्हंजे काय असतंय?"

"घराण्याचं झाड. आंबा, उंबर, कळंब. लग्नात पुजतात. दोन्हीकडचं एकच नको."

समुद्राचं परसदार होतं. ती वाकून काहीतरी उपटते.

"घरचं म्हणून संगं एवढंच आणलं व्हतं. पुदिना."

"पुदिना? मांडवात काय चटणी पुजायची?"

"दात काढू नगंस. त्या मामाच्या घरात हाय का असलं देवक?"

"नाही."

"मग जमली की सोयरीक!" म्हणत ती जुडी माझ्या हातात कोंबते.

जागा होतो. मूठ ओली. आत चुरगळलेला पुदिना, मुळांना लाल माती.

"आई, पुदिना आणलायस?"

"तुझ्या बापाला वास चालतो का कधी?"

प्रणितला फोन लावतो. सगळं सांगतो.

"मांडव हसेल रे."

"हसू दे. जुडी ताटात घेऊन तुझ्या शेजारी मी उभा राहतो. पहिलं हसू माझ्यावर येईल. पूजा होईस्तोवर हलणार नाही, शब्द देतो."