जाहिरातीतलं शेवटचं वाक्य

माझ्या धाकट्या दिरांना सगळी गल्ली ‘रेडिओ’ म्हणते. मी भाऊजी म्हणते. त्यांच्याविषयी लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण ज्या माणसाची मान खाली गेलेली आपण जवळून पाहिली त्याच्याविषयी लिहिताना हात अडखळतो. आज प्रार्थना करून उठले आणि म्हटलं, जसं घडलं तसं लिहावं. देवाला सगळं ठाऊकच आहे, वहीनं काय घोडं मारलंय?

भाऊजी आवाजाचं काम करतात. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एक रेकॉर्डिंगची खोली आहे. एकदा ते डबा विसरले म्हणून मी तिथे गेले होते. भिंतींना जाडजूड फोम, दाराच्या फटीला रबराची पट्टी, मधोमध काच. आत गेलं की स्वतःच्या बांगड्यांचासुद्धा दचका बसतो. माइकपुढे एक उंच स्टूल, त्यावर भाऊजी पाय जुळवून बसलेले, परीक्षेला बसल्यासारखे. तिथल्या माणसानं आत हाक मारली, “अटी, तुझा डबा आलाय.” मला वाटलं दुसऱ्याच कुणाला बोलावतोय.

लहानपणी ते बोलताना अडखळायचे. सासूबाई सांगतात, पाव आणायला पाठवलं तर ‘प’वरच थांबायचे, शेवटी दुकानदारच वैतागून पाव पुढे करायचा. पण पाठ केलेलं काही भरभर म्हणायला लागले की जीभ अशी सुटायची, की मास्तर म्हणायचे, “अरे, स्टेशनं तरी घे मधे!” भरभर बोललं की अडखळत नाही, हे त्यांना तेव्हाच सापडलं आणि त्यावरच पुढे पोट चाललं. मी या घरात आले तेव्हापासून बघते आहे, ते औषधाच्या खोक्यावरचं बारीक अक्षर एका दमात वाचून काढतात. मी भाजी चिरत असले की म्हणायचे, “वहिनी, ऐका हं,” आणि सुरू. एक अक्षर कळायचं नाही, पण ऐकायला मजा यायची. एरवी मात्र घरात मोजकं बोलणं. पाहुणे आले की चहा व्हायच्या आत आतल्या खोलीत पसार.

मग ती गाडीची जाहिरात आली. दिवसभर रेडिओवर तीच. आधी दार लागल्याचा आवाज, मग गाणं, आणि मग एक भरदार, मधात बुडवलेला पुरुषी आवाज: “खिशातली गाणी आता गाडीत! प्लेअर जोडा आणि निघा!” त्या वेळी खिशात मावणारे ते म्युझिक प्लेअर घरोघरी आले होते, आणि नव्या गाड्यांत ते वायरीनं जोडायची सोय निघाली होती. इंजिनाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं, गाडी म्हणजे जणू चाकांवरचं गाण्यांचं कपाट.

जेवताना भाऊजी म्हणाले, “त्या जाहिरातीत मी आहे.”

सासूबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. “तो आवाज तुझा?”

“अगं, त्यात मी...”

“तरीच! मला ओळखीचा वाटलाच होता.”

आमचे हे म्हणाले, “आई, त्याचा आवाज असा कुठाय?”

“माइकमधून बदलतो. तुला काय कळतंय त्यातलं!”

भाऊजी हसले आणि ताटात बघत राहिले. ते हसणं हा होकार आहे, असंच आम्ही सगळ्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी गल्लीभर केलं. भाजीवाली ओरडायची, “काय रेडिओ, माझी वांगीपण खपवून दे की त्या आवाजात!” इस्त्रीवाला त्यांना बघून “प्लेअर जोडा आणि निघा!” म्हणत हात वर करायचा. माणसं थांबून बोलायला लागली, आणि ज्या माणसाच्या तोंडचं वाक्य लोकांनी आयुष्यभर पुरं होऊ दिलं नव्हतं, तो मान वर करून चालायला लागला. आम्हाला किती बरं वाटायचं ते बघून.

आमच्या शेजारी शिंपीकाका आणि काकू राहतात. पुढे दुकान, मधे पडदा, मागे घर. काकूंच्या एका डोळ्याची नजर उतरत चालली होती. उपचार लांबच्या शहरातल्या इस्पितळात, वरचेवर जावं लागणार. पण मागे एकदा बस उलटली त्यात काकू सापडल्या, तेव्हापासून कुठल्याही वाहनात बसल्या की त्यांना घाम सुटतो, दार उघडून उतरायला बघतात. एकाच गोष्टीनं त्या शांत राहायच्या. त्यांच्या गेलेल्या बहिणीनं म्हटलेल्या प्रार्थना लेकीनं एका प्लेअरमध्ये भरून दिल्या होत्या. पण काकूंच्या कानात ऐकायचं यंत्र, त्यामुळे इअरफोन बसत नाही. आणि प्लेअरचा आवाज नुसता सोडला तर चालत्या गाडीत डास गुणगुणल्यासारखा.

एका संध्याकाळी काका गळ्यात टेप तशीच ठेवून आमच्या दारात आले. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या, भाऊजी नुकतेच कामावरून आलेले.

“रेडिओ, एक खरं सांग बाबा. तू ते म्हणतोस ना, प्लेअर जोडा. तो खरंच जोडता येतो? म्हणजे हिच्या बहिणीचा आवाज गाडीभर ऐकू येईल?”

भाऊजींनी आईकडे पाहिलं. त्या अशा कौतुकानं बघत होत्या, जणू उत्तर त्यांनाच द्यायचंय.

“हो काका,” भाऊजी म्हणाले. “जोडता येतो.”

“झालं तर मग. मला बाकीचं काही कळत नाही. तू सांगितलंस, बास.”

काकांनी आपल्याला झेपेल ती, त्यातली साधी गाडी नोंदवली. शोरूममध्ये जी मांडून ठेवली होती तिच्यात मस्त गाणं वाजत होतं म्हणे. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. विचारायचं होतं ते आमच्या दारात विचारून झालं होतं.

गाडी आली तेव्हा अर्धी गल्ली जमली. काकूंना पुढे बसवलं. त्यांनी पदराखालून प्लेअर काढला, वायर हातात धरली आणि म्हणाल्या, “कुठे लावायची ही?” काकांनी समोरच्या पट्टीवर हात फिरवला. एका जागी प्लेअर लावायच्या खाचेएवढं गोल झाकण होतं. ते निघेना, तेव्हा काकांनी खिशातली उसवायची बारकी कात्री घालून ते उचकटलं. आत नुसतं भोक. ना तार, ना काही.

काकांनी तिथूनच शोरूमला फोन लावला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं बोलत होता, की सगळ्यांना ऐकू येत होतं. “ते वरच्या मॉडेलमध्ये असतं. यात आतली वायरिंगच नाही. बाहेरून काही बसवलंत तर कंपनीची हमी गेली. आणि जाहिरातीत सांगितलंय की हो सगळं!”

“जाहिरातीत कुणी सांगितलंय ते मला नका शिकवू,” काका तडकले. “बोलणारा आमच्याच गल्लीतला आहे. हा इथे उभा आहे!” आणि भाऊजींच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “बघा, बिचाऱ्या याच्यासारख्यालासुद्धा फसवलं या लोकांनी.”

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. “बघतो,” असं काहीतरी पुटपुटले आणि घरात आले. काकू गाडीत तशाच बसून होत्या, बोटाला वायर गुंडाळत.

मी मागोमाग स्वयंपाकघरात येऊन चहा टाकला. भाऊजी ओट्याला टेकून उभे राहिले.

“वहिनी, तो आवाज माझा नाही.”

“कुठला?”

“‘प्लेअर जोडा’वाला. तो दुसऱ्याचा आहे. माझं त्याच्यानंतरचं वाक्य.”

“त्याच्यानंतर तर काहीच नाही. नुसती खरखर असते.”

“ती खरखर मी आहे.” आणि त्यांनी दम घेऊन ते वाक्य म्हटलं. पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसं. मला शेवटचं ‘अटी लागू’ तेवढं कळलं.

“काय होतं हे?”

“खरं होतं. प्लेअर कुठल्या गाडीत जोडता येतो, कुठल्या नाही, सगळं होतं त्यात. जे खरं असतं ते माझ्याकडे देतात, वहिनी. कुणाला कळू नये म्हणून.”

मी गॅस बंद केला. मग म्हटलं, “पण काका दारात येऊन विचारत होते तेव्हा? तेव्हा तर घाई नव्हती.”

त्यांनी ओट्यावरची वाटी उचलून परत ठेवली. मग म्हणाले, “आई बघत होती.”

“काकांना सांगा.”

“काय सांगू? मोठा आवाज माझा नाही हे, का छोटा माझा आहे हे?”

मी म्हटलं, “दोन्ही.” ते निघून गेले, जेवायलाही आले नाहीत.

पुढचे दिवस फार वाईट गेले. भाऊजी सकाळी मागच्या दारानं जायचे. काका मात्र येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते, “आमच्या रेडिओचा काय दोष? त्याला जे लिहून दिलं ते त्यानं म्हटलं.” कुणी भाऊजींना नावं ठेवली तर स्वतः भांडायला उठायचे. भाऊजींच्या कानावर हे सगळं यायचं. एकदा मला म्हणाले, “त्यांनी माझी बाजू घेणं थांबवलं ना वहिनी, तर मला झोप लागेल.” तिकडे काकूंनी इस्पितळात जायची तारीख चुकवली. गाडीत बसल्या आणि गल्लीच्या तोंडाशीच उतरून परत आल्या. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, आणखी उशीर केलात तर डोळ्याची खात्री नाही.

त्या दिवशी भाऊजी पुढच्या दारानं बाहेर पडले. म्हणाले, “वहिनी, बरोबर येता?” मी उसवलेली उशीची खोळ घेतली, उगाच, हातात काहीतरी असावं म्हणून.

काका मशीनवर होते. भाऊजी दुकानाच्या पाटीखालीच उभे राहिले. काका म्हणाले, “ये ना आत. बाहेर उभं राहून माझी पाटी वाचतोस काय?”

“काका, तो मोठा आवाज माझा नाही.”

“म्हणजे?”

“मी शेवटी असतो. भरभर. त्यात सांगितलेलं असतं.”

“काय सांगितलेलं असतं?”

भाऊजींनी वाक्य म्हटलं. सवयीनं ते सुसाट सुटलं. काकांनी कान पुढे केला, कपाळाला आठ्या घातल्या. “परत म्हण. माणसासारखं म्हण.”

आणि मग ते व्हायला लागलं, जे मी सासूबाईंकडून नुसतं ऐकलं होतं. “प... प्ले... प्लेअर जोडण्याची सोय...” ते थांबले. गळ्याची शीर ताठ झाली. “फ... फक्त व... वरच्या...” काका शब्द पुरवायला गेले नाहीत. मीही नाही. त्या एका वाक्याला इतका वेळ लागला, की एक गिऱ्हाईक दारापर्यंत येऊन परत गेलं. “...म... मॉडेलमध्येच आहे. साध्या गाडीत ती न... नाही. अटी लागू.”

पडद्याआडून काकूंचा आवाज आला, “एवढंच होतं होय? हे तर मलासुद्धा कळलं.”

काका मशीनच्या चाकावर हात ठेवून बसले होते. म्हणाले, “शोरूमच्या माणसाला मी सांगितलं, आमचा रेडिओ खोटं बोलायचा नाही. बरोबरच होतं माझं. जाहिरातीत तू नाहीच बोललास खोटं.” मग भाऊजींकडे बघून, आवाज न चढवता, “माझ्या तोंडावर बोललास.”

भाऊजींनी मान खाली घातली. त्यांना माफी मागायची होती, मला दिसत होतं, पण ओठ नुसते हलले आणि शब्द बाहेर आला नाही. काकांनी माझ्या हातातली खोळ घेतली, टाके बघितले आणि म्हणाले, “उद्या ने.” एवढंच. आम्ही निघालो.

घरी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, “मग तो गोड आवाज कुणाचा?” आणि लगेच तोंडावर हात ठेवला. त्या दिवसापासून त्यांनी रेडिओ लावला नाही. पाणी भरायला जाताना त्याही मागचं दार धरायला लागल्या. मी प्रार्थनेला बसले की डोळ्यांपुढे भाऊजींची ती ताठलेली शीर यायची, आणि त्यांच्यासाठी काय मागावं तेच कळायचं नाही.

खोळ आणायला गेले तेव्हा काकूंनी मला आत बोलावलं. “मी जाते इस्पितळात. डोळा थोडाच थांबणार आहे? तू चल माझ्याबरोबर. तुला प्रार्थना पाठ आहेत ना? म्हण वाटेत. माझ्या बहिणीसारखं नाही म्हणता यायचं तुला, पण चालेल.”

जायच्या सकाळी भाऊजी गाडीपाशी येऊन उभे राहिले. त्यांनी दार उघडून धरलं. काकू दुसऱ्या बाजूनं वळसा घालून गेल्या, स्वतःच दार उघडून बसल्या आणि लावूनही घेतलं. मी त्या दारानं आत बसल्यावर भाऊजींनी ते हळूच लोटलं, त्यात माझा पदर अडकणार नाही ना, हे बघून.

मी वाटभर प्रार्थना म्हणत राहिले. घसा बसला, तरी म्हणत राहिले. मधे काकूंनी दाराच्या हँडलला हात घातला, काकांना गाडी बाजूला घ्यावी लागली. त्या रस्त्याकडेच्या दगडावर बसून रडल्या. बहिणीला हाका मारल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, “कुठपर्यंत आली होतीस? तिथूनच म्हण.” आणि पुन्हा बसल्या. आम्ही वेळेत पोचलो.

परत आलो तेव्हा भाऊजी गल्लीच्या तोंडाशी होते. मी उतरले.

“पोचल्या?”

“पोचल्या. डोळा वाचेल म्हणाले.”

“वाटेत?”

“वाटेत उतरल्या. फार रडल्या. पुन्हा बसल्या.”

त्यांनी खाली बघतच विचारलं, “माझं नाव काढलं?”

खोटं बोलून त्यांना बरं वाटलं असतं. “नाही,” मी म्हटलं. “दोघांनीही नाही.”

त्यांनी मान हलवली. काकूंना आत सोडून काका फडकं घेऊन बाहेर आले आणि गाडीवरची धूळ पुसायला लागले. टप झालं, काचा झाल्या, मग दिवे. भाऊजी तिथेच उभे राहिले. काकांनी त्यांना ये म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.